ताईच्या हातांवर शिकलेले डॉक्टर

माझी ताई डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गळ्यात नळी अडकवलेली मोठमोठी माणसं रस्त्यात थांबून तिला "बाई, कशा आहात?" विचारतात आणि बघणाऱ्यांचा घोटाळा होतो. ताई शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. बटण जिथून घालतात ना, त्या भोकाच्या कडा दोऱ्यानं विणून घ्यायच्या. डोळे मिटून कापडावरून बोट फिरवलं की आत किती पदर आहेत ते सांगायची. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. माझ्या हाताला सुई नुसती टोचते. राग मात्र कायम माझ्या नाकावर असतो, तिच्या वाट्याला तो आलाच नाही.

अडतिसाव्या वर्षी तिच्या सांध्यांना आमवातानं धरलं. सकाळी मूठ वळेना, मग बोटं एका बाजूला कलायला लागली, मग काजं सुटली. सुईचा डबा तिनं स्वतःच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. मीच भांडी आपटत बसले.

आम्ही मोठ्या हॉस्पिटलात जायला लागलो. तिथल्या प्रोफेसर मॅडमनी एकदा विचारलं, "आमच्या मुलांनी तुमचे हात तपासले तर चालेल का?" ताई हो म्हणाली. पाच पोरं रांगेनं आली आणि दाबायला लागली. तिसऱ्यानं असं काही दाबलं की ताई ओरडली, "अरे बाबा, कणीक मळतोयस का?" मी तर उठलेच होते त्याचा समाचार घ्यायला. पण ताईनं त्याचा हात धरला, त्याचं बोट आपल्या वाकड्या बोटांमध्ये घेतलं आणि म्हणाली, "हे बघ. दोन बोटं दोन्ही बाजूंना. दोन वरून. आता वरून असं हळूच दाबायचं. बाजूच्या बोटांना काही सरकलेलं लागतं का? इथे नाही लागणार, तुझा सांधा चांगला आहे. आता माझा बघ."

पोरानं बघितला आणि त्याचा चेहराच बदलला. "मॅडम, आत पाणी आहे!" मॅडम भिंतीला टेकून बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, पुढच्या मंगळवारी याल?"

त्या मंगळवाराला सोळा वर्षं झाली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, एक पलंग, आठ स्टुलं, हात धुवायचं बेसिन, आणि खिडकीजवळ माझी खुर्ची. ताईच्या बाह्या वर करायच्या आणि तिची पिशवी सांभाळायची एवढंच माझं काम. पण मी जे पाहिलंय ते पैजेवर सांगते, कुणी पाहिलं नसेल. ताई कापडाखाली दोऱ्याची गाठ ठेवायची. आधी एका पदराखाली, मग दोन, मग चार. पोरांनी डोळे मिटून ती शोधायची. "गाठ सापडेपर्यंत माझ्या हाताला हात लावायचा नाही." दाबायचं किती? "तुझ्या अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. त्यापुढे गेलास तर तो मारकुटेपणा." सांधा गरम आहे का ते हाताच्या पाठीनं बघायचं. स्नायूंची ताकद बघताना कुस्ती खेळायची नाही, "मी ढकलते, तू नुसतं अडव, आणि मी कुठे दमते ते लक्षात ठेव." आणि सगळ्यात आधी एकच: "बोटं सांध्यावर, डोळे माझ्या तोंडावर. दुखलं तर तोंड आधी सांगतं, मी नंतर."

कोपराचे, खांद्याचे, गुडघ्याचे सगळे सांधे ती पोरांना असे फिरवून दाखवायची की मी तोंडात बोटं घालायची. सातवी शिकलेली माझी बहीण! कुणाचं बोट सांध्यावर पडलं की डोळे न उघडता म्हणायची, "तू गेल्या मंगळवारी आला नव्हतास. इथे नाही, एक जवाएवढं खाली." आणि खरंच तिथेच असायचं.

वर्षअखेरीच्या परीक्षेत शंभरातले दहा मार्क ताईच्या हातात होते. मॅडमनी तशी पद्धतच पाडली होती. इतक्या वर्षांत तिनं कुणाला दहा दिले नव्हते. नऊ मिळाले तरी पोरं नाचायची.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी नव्या गोळ्या सुरू केल्या, आठवड्यातून एकदा, दर सोमवारी. आणि काय सांगू, सूज उतरली! ताईनं स्वतःच्या स्वेटरची बटणं स्वतः लावली त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. पण मॅडमनी तंबी दिली होती: "गोळी चुकवायची नाही. मनगटावरून बोटांकडे दोऱ्या जातात, त्यांच्यामुळे बोटं उचलतात. पुन्हा सूज आली तर त्या झिजतील. करंगळीची आधी तुटेल, मग शेजारची, मग त्याच्या शेजारची."

गेल्या वर्षीच्या परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. त्यांनी ताईचे हात उलटसुलट केले आणि म्हणाले, "यांच्या हातात तर सूजच नाही. पोरांनी शोधायचं काय?" मॅडम हसून म्हणाल्या, "बऱ्या झाल्या आमच्या बाई." मीही हसले. ताई हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "आता मला कशाला बोलावतील?" मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि विसरून गेले. घोडचूक माझी.

यंदा परीक्षेच्या सकाळी माझ्या कुडत्याचं बटण तुटलं. कपाटातला सुईचा डबा काढला, बटणं उपसली, तर तळाशी गोळ्या. एकेका सोमवारच्या, सहा पुड्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"ताई, हे काय?"

तिनं डबा ओढला. मी धरून ठेवला. तिनं जोर केला आणि "आई गं" म्हणून हात झटकला. डबा खाली, बटणं घरभर.

"सूज नको का पोरांना सापडायला?" ती म्हणाली. "हवेत शिकतील का? आजचा दिवस फक्त. तुला माझी शपथ, बोलायचं नाही."

मी तिचे हात पाहिले. गाठी परत टम्म झाल्या होत्या, आणि परीक्षेआधी मंगळवार बंद म्हणून ती सहा आठवडे बोटांपर्यंत येणाऱ्या लांब बाह्या घालून माझ्यासमोर वावरत होती. मी दर सोमवारी पाण्याचा ग्लास देत होते, आणि ही गोळी मुठीत लपवत होती! राग येऊन येऊन रडू आलं. पण शपथ घातलेली. गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि तोंडाला कुलूप लावून तिच्याबरोबर गेले.

त्या दिवशी सात जण होते. सहा जणांनी अगदी फक्कड तपासलं. पाणी सापडलं, ऊब सापडली, रोगाचं नाव सांगितलं. परीक्षक खूश. ताईचं कपाळ घामानं भिजलं होतं, तरी ती प्रत्येकाला मान डोलावून शाबासकी देत होती. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पेन्सिल धरून आठ, साडेआठ असे आकडे कसेबसे काढत होती.

सातवी आली ती 'फ्रीज'. ताईनंच ठेवलेलं नाव. हात इतके गार की पेशंट दचकायचे. ताई तिला म्हणायची, "आधी काखेत धर दोन मिनिटं, मग ये." वर्गात सगळ्यात मागे, गाठ शोधायला तिला पाच मंगळवार लागले होते.

तिनं हात काखेत धरले. मग हाताची पाठ ताईच्या मनगटावर ठेवली आणि तशीच थांबली. बघत होती ताईच्या तोंडाकडे.

"बाई, बोटं सरळ करा."

ताईनं केली. करंगळी तेवढी वाकलेलीच राहिली. सहा जणांनी ती पाहिली होती. वाकडा हात, वाकडं बोट, म्हणून पुढे गेले होते. फ्रीजनं आपल्या बोटानं ती उचलली, सरळ केली आणि सोडली. करंगळी पटकन खाली पडली. परत उचलली. परत पडली.

"हे कधीपासून?"

"आज सकाळी जरा टक् झालं," ताई म्हणाली. डबा मीच धरून ठेवला होता.

परीक्षक म्हणाले, "सूज किती सांध्यांत आहे ते सांगा. वेळ जातोय."

"सर, मी आता दाबणार नाही." पोरीनं हात मागे घेतला. "यांची दोरी तुटलीय. शेजारची पण जाईल. आणि बाई, मार्चमध्ये हे मनगट असं गरम नव्हतं. तुम्ही गोळ्या सोडल्यात ना?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मी काही बोलले नव्हते. शपथ पाळली होती. मग पर्स उघडली आणि सहा पुड्या पलंगावर ठेवल्या.

घंटा झाली. फ्रीजची तपासणी अर्धीही झाली नव्हती. आपण नापास झालो असं धरूनच ती उभी होती, नाक ओढत. ताईनं पेन्सिल घ्यायला हात पुढे केला, पण चिमूट मिटेना.

"तू लिही," ती मला म्हणाली. "दहा."

"ताई?"

"दहा लिही म्हणते ना!" सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर खेकसली. मी लिहिलं.

मॅडम धावत आल्या. त्या ताईला रागावल्या नाहीत, तिच्या पायाशी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, सुजेसाठी बोलवत होते का मी तुम्हाला?" ताई तेव्हा रडली. लहान मुलीसारखी, माझ्या कुशीत तोंड खुपसून.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. करंगळीची दोरी तुटली ती तुटलीच; सर्जननी तिचं टोक शेजारच्या दोरीला शिवलं. शेजारचं बोट वाचलं. ताईनं शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, "टाके किती घातले?" आणि आकडा ऐकून म्हणाली, "ठीक आहे, मीही एवढेच घातले असते." मी कपाळाला हात लावला.

फ्रीज पास झाली. दर सोमवारी तिचा फोन येतो. ताई उचलते, "घेतली गं," म्हणते आणि ठेवते.

गेल्या मंगळवारी नवी पोरं आली. चार महिन्यांनी ताई पहिल्यांदाच त्या पलंगावर बसली होती. एका मुलानं दोन बोटं बाजूंना, दोन वर ठेवली, ताईच्या तोंडाकडे बघत एकेक सांधा बघितला. मग घाबरत म्हणाला, "बाई, सूज सापडत नाहीये. काहीच नाहीये."

मी खुर्चीत ताठ झाले. ताईनं त्याचं पांढरं झालेलं नख पाहिलं, आपली बोटं सरळ केली, आणि शेजारच्या बोटाबरोबर करंगळीही उठली.

"नाहीच आहे," ताई म्हणाली. "न घाबरता सांग. मोठ्यानं सांग, माझ्या बहिणीला ऐकू जाऊ दे."