मोहरीएवढ्या तिसऱ्या

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकत होते. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वाढताहेत की घटताहेत, हे शोधणं माझं काम. त्यासाठी लहान-मोठ्या सगळ्या तिसऱ्यांची लांबी मोजायची. पण चिखलात उतरणं माझ्या जिवावर यायचं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी मी काठावर बसायची आणि ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या एका मावशींची टोपली मोजायची. त्या टोपलीवर त्यांचं घर चालायचं.

दिवाळीनंतर महिनाभर मोजल्या. सगळ्या मोठ्या, पिल्लू एकही नाही. म्हणजे नवी पिढी येतच नाही, खाडी म्हातारी झाली! मोठ्या ऐटीत मी मावशींना सांगितलं, "दोन वर्षं इथे तिसऱ्या काढायला बंदी घाला, असं अहवालात लिहिणार आहे."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आनि दोन वरसां मी काय तुजा कागद खाऊ? बाय, बारक्या माज्या बोटांना कळतात, त्या मी तितंच ठेवते. तू टोपली मोजलीस, खाडी कुटं मोजलीस? उतर खाली!"

उतरले. गुडघाभर चिखल. त्यांनी डोक्यावरच्या फडक्यात ओंजळभर रेती घेऊन पाण्यात हलवली. गाळ वाहून गेला आणि मोहरीएवढे दाणे उरले. खडे असतील, म्हणून मी वाकून पाहिलं. तर एका दाण्याने फट उघडून जिभेसारखा पांढरा पाय बाहेर काढला. मग दुसऱ्याने. शिंपल्यावरच्या रेघासुद्धा मोठ्यांसारख्याच! माझ्या अंगावर काटा आला. अंड्यातून निघून हे जीव पाण्यातून तरंगत आले होते, कुठल्या आयांचे कोण जाणे, आणि भरती-ओहोटीच्या ओढीतून नेमके इथे रुजले होते. एका ओंजळीत एवढे, तर खाडीत किती? पुस्तकातलं हे सगळं मला पाठ होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते. पायाखालीही असतील म्हणून पाऊल हलवायची भीती वाटू लागली.

अहवालातलं बंदीचं वाक्य तिथेच गेलं. मी घाईघाईने वही काढली, फडकं उन्हात धरलं आणि एकेक पिल्लू मोजायला लागले. चौदा-पंधरा झाली असतील. मावशींनी माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं आणि पाण्यात बुडवलं.

"ह्यांना माज्यापासून वाचवायला आलंस ना?" त्या म्हणाल्या. "आनि आता तूच उन्हात मारतंस."