बासच्या दांड्यावरचे नऊ ठिपके

मी माझ्या बास गिटारच्या दांड्यावर नऊ ठिपके बसवले आणि नऊच्या नऊ चुकीच्या जागी बसवले. एखादा चुकला असता तर घाई झाली म्हणता आलं असतं. पण मी फूटपट्टी, कागदाची पट्टी आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन, दोनदा मोजून बसवले होते. त्यामुळे एकही सुटला नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर त्याआधी मारलेल्या थापेपासून सुरुवात करावी लागते.

बाजार नुकता खुला झाला होता ते दिवस. हैदराबादेत रोज कशाची तरी फीत कापली जायची. मी दिलसुखनगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, म्हणजे मुलांच्या एक धडा पुढे असायचो. कधीकधी अर्धाच. आणि दर रविवारी सिकंदराबादला एका बँडच्या तालमीला जाऊन बसायचो. बँडचे म्होरके रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक अँग्लो-इंडियन गृहस्थ. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. ते पियानो वाजवायचे, आणि गाडी सुटायला दोन मिनिटं असल्यासारखे सतत घड्याळ बघायचे. त्यांचा जुना दोस्त माणसाएवढा उभा डबल बास वाजवत असे. तो मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेला, आणि नेमकं तेव्हाच एका नव्या हॉटेलनं मास्टरांना दर शनिवारची संध्याकाळ देऊ केली. मास्टरांना दोस्तासारखाच गोल, घुमणारा आवाज हवा होता.

"तेरे पास फ्रेटलेस है क्या, मॅन?" त्यांनी मला विचारलं.

"है ना, मास्टर," मी म्हणालो.

नव्हता. होता तो साधा, फ्रेटवाला. गिटारच्या दांड्यावर सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या फ्रेट. बोट पट्टीच्या थोडं मागं दाबलं की तार पट्टीवर टेकते आणि सूर आपोआप बरोबर निघतो. डबल बासप्रमाणेच फ्रेटलेसला पट्ट्याच नसतात. तिथं सूर बोटानं शोधायचा. म्हणजे माझ्या थापेची खरी गोष्ट करायला फक्त पट्ट्या उपटायच्या होत्या. मला हे फारच सोपं वाटलं.

"बाबा, पक्कड कुठंय?"

"कामून?" वडिलांनी उर्दू पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"थोडं उपटायचंय."

"खिळा?"

"वीस आहेत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पक्कड कुठं आहे ते सांगितलं आणि पुन्हा पेपरात शिरले. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून निजामाच्या काळात शिकायला आलेले, उर्दूत शिकलेले, सरकारी कचेरीत आयुष्य काढलेले माझे वडील संध्याकाळी व्हायोलिन वाजवत. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचा दरवर्षी एक कार्यक्रम असे. त्या व्हायोलिनची मला तेव्हा फार लाज वाटायची. व्हायोलिनलाही पट्ट्या नसतात, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. घरात चाळीस वर्षं ज्याचा रियाज चालू होता ते शिकायला मी आबिड्सच्या फुटपाथवरून जुनं परदेशी मासिक विकत आणलं.

त्या मासिकात लिहिलं होतं की पट्ट्या काढल्यावर त्यांच्या जागी काहीजण बारीक रेघा ठेवतात, पण खरे वादक ठेवत नाहीत. झालं. मी खरा वादक. मी खाचा लाकडाच्या भुश्यानं आणि सरसानं बुजवल्या आणि सगळ्यावर काळ्या पॉलिशचे तीन हात मारले. दांडा शाळेच्या फळ्यासारखा दिसायला लागला. गिटार गळ्यात घातली तेव्हा कळलं की बोट कुठं ठेवायचं याचा आता काहीच पत्ता नाही.

मग ठरवलं की दांड्याच्या वरच्या कडेला ठिपके बसवायचे. वाजवणाऱ्यालाच दिसतात, ऐकणाऱ्यांपुढे अब्रू राहते. जुने प्लॅस्टिकचे ठिपके पॉलिशखाली गेले होते, पण त्यांच्या जागा मी आधीच एका कागदाच्या पट्टीवर उतरवून ठेवल्या होत्या. या दूरदृष्टीचा मला फार अभिमान होता.

ठिपके कशाचे करायचे यात माझा आठवडा गेला. मोत्यांच्या गावात राहतो म्हणून आधी पत्थरगट्टीला गेलो. दुकानदारानं निळ्या मखमलीवर मोती मांडले आणि अदबीनं विचारलं, "दुल्हन के वास्ते?" गिटारसाठी म्हटल्यावर त्यानं मखमल गुंडाळली. मग लाखेच्या बांगड्या करणाऱ्याकडून लाल लाख आणून एक ठिपका लावून पाहिला. दांड्याला गोवर आल्यासारखा दिसला. हस्तिदंत परवडणार नव्हतं, शिवाय गुन्हाही होता. खडूचा प्रयोग एका गाण्यापुरता टिकला.

अखेर कपाटात वडिलांची शेरवानी दिसली. लग्नातली. त्या काळी इकडचे मराठी नवरदेवही शेरवानीत बोहल्यावर उभे राहत. तिला शिंपल्याची बटणं होती. उजेडात धरली की आत गुलाबी आणि हिरवं काहीतरी हलायचं. मी खालची तीन कापून घेतली. तिथं कुणी बघत नाही, असा हिशेब.

जुन्या शहरात सतारी दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांनी त्या तीन बटणांतून गव्हाएवढे नऊ गोल इतके सुबक कापले की मला बटणं चोरल्याचं समाधान वाटलं. मग माझी कागदाची पट्टी दांड्याला लावून ते थबकले. त्यांनी बोटानं तार दाबून छेडली, बोट थोडं पुढं सरकवलं, पुन्हा छेडली.

"मियां, सुर तो आगे बोलरा. दाना पिच्छे कायकू?"

"कागज में जैसा है वैसा लगाओ, चाचा. मैं नापा हूं."

"हौ," ते म्हणाले. "आप पढे-लिखे, आपकू मालूम." आणि त्यांनी नऊही ठिपके असे पक्के बसवले की दांडा मोडला असता, ठिपका निघाला नसता.

रविवारी तालीम. मास्टरांनी दांड्यावरून हात फिरवला, ठिपके बघून शीळ घातली. गाणं सुरू झालं. चौथ्या ओळीला पियानो थांबला.

"ट्यून कर, मॅन."

मी तारा जरा ताणल्या. आता ठिपक्यांवरचे सूर जमले, पण बोट न लावता मोकळी तार छेडली की ती चढलेली. तारा उतरवल्या की मोकळी बरोबर आणि बाकी सगळं खाली. मी हवेला दोष दिला, नव्या तारांना दिला, पियानोकडेही एकदा संशयानं पाहिलं. मास्टरांनी ते बघितलं.

"सुन," ते म्हणाले. "हॉटेलवालों के पास जपानी कीबोर्ड है. उसमें बटन दबाओ, बास अपने आप बजता. मॅनेजर रोज पूछता है, आदमी कायको? मैं बोला, मेरे को आदमी चाहिए. नेक्स्ट संडे आखरी बार सुनूंगा. बेसुरा आदमी से मशीन अच्छा."

परतीच्या बसमध्ये सबंध वाट मी मांडीवर गिटार घेऊन बसलो होतो. त्या जागेसाठी मी थाप मारली होती, वीस पट्ट्या उपटल्या होत्या, बापाची शेरवानी उघडी पाडली होती. आणि आता ती जागा एक बटण घेऊन जाणार होतं.

हिमायतनगरच्या घरी मी खोलीचं दार लावून आठवडाभर घासत राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी दार उघडलं आणि वडील आत आले.

"तीन दिवस झाले ऐकायलोय," ते म्हणाले. "येक-दोन सूर चुकले तर माणूस समजू शकतो. तू सगळेच सारखे खाली लावायलास. इतकं येकसारखं चुकायला मेहनत लागते. काय केलंस?"

मी कागदाची पट्टी दाखवली. त्यांनी व्हायोलिन आणलं, एक लांब सूर धरला. "हा काढ."

मी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"खाली. वर ये. अजून. अजून... थांब."

माझं बोट ठिपक्याच्या पुढं, जुनी पट्टी जिथं होती तिथं येऊन थांबलं होतं. दुसरा सूर, तेच. तिसरा, तेच. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. फ्रेटवाल्या गिटारीवर ठिपका दोन पट्ट्यांच्या मधोमध असतो, कारण तिथं बोट दाबायचं असतं. सूर मात्र पुढच्या पट्टीवर निघत असतो. मी सूर उपटून फेकला होता आणि बोटाच्या जागा मोठ्या इमानानं जपल्या होत्या. सतारवाल्या चाचांनी ते एकदा तार छेडून ओळखलं होतं.

वडील वाकून दांड्याची कड बघत होते. "हे शिंपलं ओळखीचं दिसायलं."

मी दांडा जरा माझ्याकडे वळवून घेतला.

"किती काढलीस?"

"तीन. खालची."

"वरची सोडलीस," ते म्हणाले, "मेहेरबानी." आणि बराच वेळ बोटानं एक ठिपका चोळत राहिले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाले, "छान चमकतंय की रे. कपाटात काळं पडलं असतं."

ठिपके निघण्यातले नव्हतेच. नव्या खुणा हव्या होत्या आणि मध्ये एकच दिवस होता. "खुणा कशाला पाहिजेत? मला कुणी दिल्या होत्या?" असं वडील एकदा म्हणाले, माझा चेहरा बघितला आणि खिशातून पानाच्या चुन्याची डबी काढली. मग ती संध्याकाळ अशी गेली: ते गज ओढत, मी बोट सरकवत जाई, ते "थांब" म्हणत आणि आगपेटीच्या काडीनं तिथं चुन्याचा टिपका देत. एका सुराला त्यांनी चार वेळा "थांब" म्हटलं आणि चारही वेळा पुसला. जेवायला आईनं तीनदा हाक मारली. काळ्या दांड्यावर पांढरे नऊ टिपके उमटले, आणि त्यांच्या प्रत्येकाच्या किंचित मागं शेरवानीचा एक तुकडा लकाकत राहिला.

रविवारी वडील बरोबर आले. "चुना उडाला तर लावायला कोणी पाहिजे," एवढंच म्हणाले. सिकंदराबादला मास्टरांशी त्यांनी अस्खलित उर्दूत रेल्वेच्या वक्तशीरपणावर दोन मिनिटं चर्चा केली आणि दाराजवळच्या खुर्चीत डबी घेऊन बसले.

पहिलं गाणं उत्तम गेलं. दुसरंही. मास्टरांनी घड्याळ बघितलं नाही. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी दांड्याकडे पाहिलं तर चुना नाही. घामेजलेल्या तळव्यानं सगळा पुसून नेला होता. राहिले होते फक्त शिंपल्याचे ठिपके, सुंदर आणि चुकीचे. गाणं थांबवून डबी मागायची सोय नव्हती. बोट सवयीनं ठिपक्यावर गेलं, सूर खाली लागला. दाराजवळ वडील खोकले. मी घाईघाईनं बोट पुढं सरकवलं, सूर चढत चढत जागेवर आला. पुढचा सूर, पुन्हा ठिपका, पुन्हा खोकला, पुन्हा सरक. गाणं संपेपर्यंत आमचं बापलेकाचं हेच चाललं होतं.

मास्टर डोळे मिटून वाजवत होते. शेवटचा सूर विरल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"वो नीचे से ऊपर आता है ना, मॅन, स्लो स्लो," ते म्हणाले, "मेरा दोस्त भी वैसा नहीं बजाता था. इट सिंग्ज. सॅटरडे, सात बजे. मशीन को मैं देखता हूं."

बसथांब्यावर मी जमिनीपासून चार बोटं वर उभा होतो. माझ्या हातात गाणं आहे, असं म्हणाले ते, मी वडिलांना ऐकवलं. नुसता सूर नाही, खालून वर येणारी मींड आवडली त्यांना. डबल बासवाल्यालाही जमायची नाही तशी. मी हे तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा वडिलांनी पानाची पिंक टाकली आणि तोंड पुसलं.

"मींड नव्हती ती," ते म्हणाले. "तू चुकत होतास अन् मी खोकत होतो."