अयूब खाटकाचं बोट

चंद्रपूरच्या जटपुरा गेटाजवळ अयूबचं मटणाचं दुकान होतं. ते स्वच्छतेसाठी नावाजलेलं होतं. ही सवय त्याच्या वडिलांची, गुलाम रसूलची. पोकळ काही हाती लागलं की, मग ते आतडं असो वा नस, ते पाण्याखाली धरायचं आणि आतून बोट फिरवायचं. अयूबला शिकवावं लागलं नाही. बोट आपलं आपणच फिरायचं.

१९८५च्या सुमारास एका सकाळी भद्रावतीच्या एसटीतून उतरून सत्यशीला नावाची बाई दुकानात आली. चंद्रपूरच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएचडीही करत होती. हातात थर्मास होता.

"भाऊ, बकऱ्याच्या छातीतली मोठी नस पायजे."

"खायाले?"

"अभ्यासाले."

अयूबनं पुढे विचारलं नाही. औषधाला म्हणून पित्ताची पिशवी नेणारी माणसं त्याला माहीत होती. अभ्यासाला नस म्हणजे त्यामानानं साधी गोष्ट. त्यानं नस काढली, धुतली, आतून बोट फिरवलं आणि चकचकीत करून थर्मासातल्या मिठाच्या पाण्यात सोडली.

हे बरेच महिने चाललं आणि सत्यशीलाबाईंचा चेहरा उतरत गेला. नसेची बारीक कडी कापून त्या कोमट खारट पाण्यात टांगायच्या. एका औषधानं कडी आवळली जायची. दुसऱ्या औषधानं ती सैल पडायला हवी होती, ती पडत नव्हती. त्यांनी औषध बदललं, पाणी बदललं. नागपूरच्या मार्गदर्शकांनी विषयच बदला म्हणून सांगितलं.

एके दिवशी एसटी लवकर आली म्हणून त्या दुकानाशी उभ्या राहिल्या आणि अयूबचं काम त्यांच्या नजरेस पडलं.

"थांबा!" त्या ओरडल्या. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "हे बोट तुम्ही रोज फिरवता?"

"रोज. मी साफ करून राह्यलो."

"अहो भाऊ, नसेच्या आतून एका पेशीएवढं पातळ अस्तर असते. तेच मले पायजे. तुम्ही तेच पुसून देऊन राह्यले!"

अयूबला हे लागलं. मटण घाण म्हणून परत आलेलं त्यानं ऐकलं होतं, स्वच्छ म्हणून परत आलेलं हे पहिलंच. तरी त्यानं कबूल केलं की उद्यापासून बोट घालणार नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बोट आत गेलं. तिसऱ्या दिवशीही गेलं. मग त्यानं बोटाला चिंधी बांधली. चिंधीनं नस आणखीच साफ निघाली.

शेवटी त्याची बायको नूरी दुकानात आली. "मेरे को दे," म्हणाली. तिनं बाहेरच्या चरबीला चिमटीत धरून नस उचलली, पाण्यात नुसती बुचकळली आणि थर्मासात टाकली. बायको दुकानात बसवली म्हणून नातेवाइकांत कुजबुज झाली. अयूबनं सांगितलं, "कॉलेजचं काम हाय."

त्याच दिवशी कडी सैल पडली. सत्यशीलाबाईंनी नवराबायकोला प्रयोगशाळेत बोलावलं. काजळी धरलेला कागद एका फिरत्या नळकांड्यावर गुंडाळला होता आणि कडीला बांधलेली काडी त्यावर रेघ ओढत होती. पहिल्या औषधानं रेघ वर चढली. दुसऱ्यानं खाली आली.

"बस्स?" नूरीनं विचारलं.

"आता पाहा." बाईंनी पाणी बदलून कॅल्शियम नसलेलं पाणी भरलं आणि तीच औषधं दिली. रेघ चढली, पण खाली यायला तयार होईना. आली तीही जराशी.

"अस्तर तर हाय ना?" अयूबनं घाबरून विचारलं. त्यानं हात मागे बांधले होते.

"हाय. पण औषधाचा निरोप पोचला का अस्तराच्या पेशीत कॅल्शियम वाढाले पायजे. ते वाढलं का पेशी काहीतरी सोडते, अन् नसेचा स्नायू ढिला पडते. इथी बाहेर कॅल्शियमच नाई, तर आत येईल कुठून?"

"काहीतरी म्हणजे काय सोडते?"

"ते अजून नक्की ठरलं नाई. मोठमोठे लोक भांडून राह्यले."

आपल्या अंगातही असंच अस्तर असणार, आणि तिथे कोणाचं बोट पोचत नाही, हे अयूबला बरं वाटलं. घरी जाताना तो तसं नूरीला म्हणालाही. नूरी म्हणाली, पोचलं असतं तर तू सोडलं नसतं.

पुढे सत्यशीलाबाई डॉक्टर झाल्या आणि नागपूरच्या कॉलेजात गेल्या. नस न्यायला कोणी येईना, पण नूरी काही दुकानातून उठली नाही. तोवर मोहल्ल्यातल्या बायका स्वतः मटण घ्यायला येऊ लागल्या होत्या आणि त्यांना नूरीनंच तुकडे करून दिलेले हवे असायचे. अयूब हलाल करायचा, मग तराजू धरायचा. कोणी काही विचारलं तर म्हणायचा, "मालकिणीले विचारा," आणि वजन टाकायचा.