मागच्या दाराची काच

आमच्या घरात गाडी आली ती आत्याबाईंसाठी. हे वाक्य माझ्या नवऱ्याने इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं की ते गाडीच्या मागे रंगवून घ्यायचं तेवढं राहिलं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी हिंगोलीहून नांदेडला न्यावं लागायचं. इथे नंबर लागत नव्हता, आणि ज्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला होता ते तिकडे होते. त्यात उजव्या पायाची कटकट. न्हाणीत पडून तो मोडला, आत पट्टी टाकली, तेव्हापासून गुडघा वाकायचा बंद झाला. बसल्यावर पाय लांब सोडायला जागा मिळाली नाही तर त्यांना कळा यायच्या.

गाडीच्या आधी आम्ही गल्लीतल्या चाचांच्या व्हॅनमधून जात असू. ती जुन्या घडणीची, सरकत्या दाराची व्हॅन होती. पत्रा असा की कुणी टेकून उभं राहिलं तरी पोचा पडावा. पावसाळ्यात काचेच्या रबरातून पाणी आत यायचं आणि खड्ड्यातून जाताना तिचा एकूण एक खिळा वाजायचा. नवरा तिला डबा म्हणायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मागचं बाकडं सपाट होतं, आणि काचा कमरेपासून थेट टपापर्यंत. चाचांच्या घरचा मूळ धंदा गाद्या-रजयांचा. त्यांनी बाकड्याच्या मापाची कापसाची गादी भरून आणली होती. आत्याबाई तिच्यावर पाय पसरून, पाठीला उशी घेऊन बसत आणि बाहेर बघत.

या बाहेर बघण्यावरच सगळं अडकलेलं होतं, हे आधी सांगायला हवं. डायलिसिसला त्या तयारच नव्हत्या. डॉक्टरांनी समजावलं, मुलगा पाया पडला, या हूं की चूं करेनात. पहिल्या खेपेला जवळजवळ उचलूनच नेलं. बाळापूर मागे पडलं आणि पुढे डोंगरकडा आलं तशा त्या एकदम ताठ झाल्या. डोंगरकडा त्यांचं माहेर. पाण्याच्या गावातली पोर लग्न होऊन साखऱ्याला, सासरच्या कोरडवाहू जमिनीत आली आणि आयुष्यभर आभाळाकडे बघत राहिली. नंतर आम्ही हिंगोलीत आलो. माहेरी मागे कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे जाणंही संपलं होतं. त्या दिवशी व्हॅनच्या काचेतून त्यांना हळदीचे वाफे दिसले, केळी दिसली, आणि तोंड सुरू झालं ते थेट अर्धापूरपर्यंत.

मग प्रत्येक खेपेला तेच. याची हळद अजून रानातच, आळशी आहे. त्याने बांध कोरला. ही विहीर आमच्या थोरल्या काकाची, हिचं पाणी गोड. अमक्याची केळी मोडली, बरं झालं, लई माजला होता. अर्ध्या गोष्टी चाळीस वर्षांपूर्वीच्या असत, पण त्यांनी कुणालाही माफ केलेलं नव्हतं. दवाखान्यात मशीनवर पडून शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही त्या रस्त्याचा अहवाल देत. एकदा सुई लावताना हात फार दुखला. मी विचारलं, पुढच्या वेळी येणार ना? तर म्हणाल्या, "म्या काय सुई टोचून घ्यायला येते का माय? म्या डोंगरकडा पाहायला येते. सुई म्हंजे त्याचं तिकीट."

नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. तो दुकान सोडून क्वचितच सोबत यायचा. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, औषधं. पण एकदा नांदेडहून माल घेऊन येताना त्याने वारंगा फाट्याजवळ अपघात झालेली एक व्हॅन पाहिली, चाचांच्या व्हॅनसारखीच. घरी आला, हातपाय धुतले आणि जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला की माय त्या डब्यात पुन्हा बसणार नाही. तो घाबरला होता. मी आजही कितीही चिडले तरी हे विसरत नाही की त्याने गाडी आधी भीतीपोटी घेतली, मिरवणं नंतर आलं.

मिरवणं मात्र आलं. दुकानात हा माणूस शेतकऱ्यांना झापतो. पाकिटावरचं कणीस बघून बी घेऊ नका, ते कणीस पाकिटावरच राहतं, असं त्याचं रोजचं भाषण. आणि तोच संध्याकाळी मोबाइल घेऊन गाड्यांच्या जाहिराती बघत बसायचा. छोटी गाडी डोंगर चढतेय, पाणी उडवतेय, टपातून लेकरं हात हलवतायत, आणि मागच्या सीटवर एक गोरीपान आई केस भुरभुरत बाहेर बघून हसतेय. ती कुठून बाहेर बघत होती, देव जाणे. मी एकदा म्हटलं, हे पण पाकिटावरचं कणीसच आहे. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो. आत्याबाईंना सोफ्यावर बसवून चहा दिला. सेल्सवाल्याने पुढचं दार उघडलं आणि लावलं. "आवाज ऐका साहेब," म्हणाला. धप्प असा जाड, भरलेला आवाज आला. नवऱ्याने स्वतः दार लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. मग पत्र्यावर बोटं वाजवून झाली. सुरक्षेचे स्टार किती ते झालं. टीव्हीएवढा पडदा, बोललं की उघडणारं छत, आपोआप मिटणारे आरसे. नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता आणि मला तो दहावी पास झालेल्या पोरासारखा दिसला. मागच्या सीटवर प्लॅस्टिक होतं. त्यावर कुणीच बसलं नाही. सेल्सवाला डिक्की दाखवत होता तेवढ्यात मी बसून पाहिलं, तर काच खांद्याच्या वर सुरू होत होती आणि मागे मागे निमुळती होत काळ्या प्लॅस्टिकमध्ये संपत होती. मी बोलले तसं. तो हसून म्हणाला, "तेच तर स्टायलिंग आहे मॅडम."

आत्याबाईंनी माठ पारखावा तशी बोनेटवर टिचकी मारली आणि वाजते तर चांगली, असा निकाल दिला. गाडी घरी आणायच्या दिवशी त्यांच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी चावी दिली आणि फोटो काढला. नवी कोरी हिरवी इरकल नेसून, एक पाय ताठ ठेवून त्या गाडीला टेकून उभ्या होत्या. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी मीही खूश होते, उगाच खोटं कशाला बोलू.

पहिल्याच खेपेला कळून चुकलं. मागचं दार रुंद उघडत होतं, पण खाली चाकाचा उंचवटा आत आलेला. आधी त्यांचा पाय सरकवायचा आणि मी पलीकडून ओढायचं, अशी सर्कस झाली. सीट सपाट नव्हती. दोन जणांसाठी दोन खोलगट वाटगे, मध्ये टेंगूळ, आणि सीटबेल्टची कुलपं बरोबर मांडीला टोचतील अशी वर आलेली. दाराला पाठ लावून, पाय लांब करून त्या बसल्या की डोळ्यांसमोर समोरच्या दाराचं काळं प्लॅस्टिक येई, आणि त्याच्या वर वीतभर काच. काचेत आभाळ आणि विजेच्या तारा. पुढे बसवून पाहिलं, तर डॅशबोर्ड असा पोट काढून आलेला की ताठ पाय मावेना. चाचांसारखी गादी अंथरून पाहिली, तर डोकं उतरत्या टपाला लागायला लागलं.

"डोंगरकडा आलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्ताच गेलं. त्यांनी डोळे मिटले. गाडी आवाज करत नव्हती, खड्डे फारसे लागत नव्हते, एसी गार होता, आणि त्या शांततेत मला त्यांचं न बोलणं ऐकू यायला लागलं. नवऱ्याला वाटलं मायला झोप लागली. अर्धापूरच्या अलीकडे त्यांना उलटी झाली. व्हॅनमध्ये एवढे हादरे बसूनही कधी झाली नव्हती.

पुढच्या खेपेला तो खास दुकान बंद ठेवून आला. मागून बाहेरचं दिसत नाही, एवढंच मी त्याला सांगितलं होतं; काच पुरत नाही तर छत आहे, असं त्याचं म्हणणं. डोंगरकड्याजवळ त्याने छत उघडलं आणि मोठ्या हौसेने म्हणाला, माय, वर पाहा. आत्याबाईंनी वर पाहिलं. म्हणाल्या, "आभाळच पाहायचं व्हतं तं घरी बाज व्हती की." तो खदखदा हसला. मायने विनोद केला, असं नंतर त्याने चार लोकांना सांगितलं. मला त्याच्या हसण्याचा संताप आला.

शेवटी मी त्याला न सांगता चाचांकडे गेले. व्हॅन अंगणात नव्हती. तिथे गाद्यांचा कापूस वाळत घातला होता. चाचा म्हणाले, "भाभी, वो तो भंगार में गई. अब घर-घर गाडी आ गई, मेरे डब्बे में कौन बैठता?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. मग मी भाड्याच्या दोन-तीन गाड्या बघून आले. सगळ्यांच्या मागच्या काचा तशाच. नवीन गाड्यांमध्ये हीच पद्धत निघाली आहे म्हणे. लोकांना अशीच आवडते.

त्याच सुमारास शोरूमवाल्यांनी आत्याबाईंच्या फोटोचं होर्डिंग लावलं. आम्हाला विचारलं होतं, नवऱ्याने आनंदाने हो म्हटलं होतं. होर्डिंग नेमकं डोंगरकड्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, एका हळदीच्या शेताच्या बांधावर. त्यावर पुठ्ठ्याची चावी घेतलेल्या आत्याबाई आणि खाली मोठ्या अक्षरांत "आईसाठी". नवऱ्याने गाडी हळू केली. आत्याबाईंनी हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, मी मागून रेटा दिला, पण काचेपर्यंत डोकं काही पोचेना. त्याने पुढून विचारलं, दिसलं का? आणि त्या धापा टाकत म्हणाल्या, दिसलं, लई चांगलं हाय. त्यांनी माझा हात दाबला. मी बोलू नये म्हणून दाबला, ते मला कळलं.

त्यानंतर एक खेप चुकली. आज नको, अंगात कणकण आहे. मग आणखी एक. मग त्यांनी बाजेवरून उठायचंच नाकारलं. डॉक्टरांचा फोन आला, पाय सुजले, श्वास लागायला लागला. नवरा बाजेशी उकिडवा बसून विनवण्या करत होता. तो म्हणाला, "माय, काहून असं करून राहिली? तुह्यासाठीच घेतली ना गाडी? पाच स्टार हायेत तिला. तुला काई व्हनार न्हाई तिच्यात."

आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गाडी चांगलीच हाय बाबा," त्या म्हणाल्या. "पन म्या तिकीट फाडून राहिले आन् गाव काई लागंना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला अर्थ कळला नव्हता आणि मला सांगण्याचा धीर झाला नाही. समोर त्याची आई जात होती. तिला नेणारी गाडी अंगणात धुऊनपुसून उभी होती. त्या वेळी मी काय सांगणार होते? काच खालून सुरू झाली असती तर ती आणखी काही महिने आली असती? हे ऐकायलाही वेड्यासारखं वाटतं. पण ते खरं आहे, आणि ते खरं असल्याचं माहीत असलेली मी एकटीच आहे.

त्या घरीच गेल्या, एका दुपारी. भेटायला येणारा प्रत्येक जण नवऱ्याला म्हणत होता की तू काही कमी केलं नाहीस, मायसाठी गाडी घेतलीस. तो मान हलवायचा. तेराव्यानंतर एकदा मी पाहिलं, तो अंगणात गाडीचं मागचं दार उघडत होता आणि लावत होता. धप्प. पुन्हा धप्प. तो आवाज अजून तितकाच भारी होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींचं काही करता येत नव्हतं. राग तरी कुणावर काढायचा? ज्यांनी ती काच आखली त्यांनी तिच्यामागे एखाद्या म्हातारीला बसवून पाहिलं नसेल. आणि आम्ही गाडी जिच्यासाठी घेतली, तिला सोफ्यावर बसवून चहा दिला.

आता मी पुढच्या सीटवर बसते. पुढून सगळं दिसतं. ते होर्डिंग अजून तिथेच आहे, कडेने फाटलंय, इरकलीचा हिरवा रंग उडालाय, पण चेहरा ओळखू येतो. ते जवळ आलं की नवरा काही न बोलता गाडीचा वेग वाढवतो. जाहिरात रस्त्याकडे तोंड करून लावतात, म्हणून आत्याबाईंचं तोंडही रस्त्याकडे आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे. हळद, केळी, काकाची विहीर, सगळं डोंगरकडा त्यांच्या पाठीमागे आहे.