उत्तर ठाऊक असलेला प्रश्न

आमच्या फ्रिजवर चार वर्षं एक कागद चिकटवलेला होता: ‘ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असा प्रश्न मुलीला विचारायचा नाही.’ अक्षर माझं, नियमही माझाच. मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा मला शाळेतली एकच गोष्ट सगळ्यात जास्त डाचत होती. बाईंना ठाऊक असलेलं उत्तर पोराच्या तोंडून काढायचं आणि मग त्यालाच शाबासकी द्यायची, ही सर्कस. माझ्या मुलीची परीक्षा कुणीही घेणार नव्हतं. पाहुण्यांनी गालगुच्चा घेत ‘हा कुठला रंग गं?’ म्हटलं, तरी मी स्वयंपाकघरातून पळत येऊन मध्ये पडायचे. आता तो कागद काढलाय. डिंकाचे डाग राहिलेत, ते मी घासत नाही.

नवरा सिन्नरच्या कारखान्यात, सकाळी सातला घराबाहेर. मी घरूनच भाषांतराचं अर्धवेळ काम करते. भिंतीवर मी हौसेनं रंगीत वेळापत्रक लावलं होतं: आधी निसर्गनिरीक्षण, मग बागकाम, मग मोठ्यानं वाचन. प्रत्यक्षात आधी कुकर, मग माझी मीटिंग, आणि तोवर मुलगी सासूबाईंच्या ताब्यात. सासूबाई सिन्नरकडच्या गावाहून आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या आणि हे बिनशाळेचं प्रकरण त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. त्यांचं कुठलंही बोलणं फिरून शाळेवरच येणार, असं मी धरून चालले होते. त्यामुळे हळूहळू मी त्यांचं ऐकणंच सोडलं.

मुलगी सहा वर्षांची असताना एकदा त्या म्हणाल्या, “ही मान वाकडी करून बघती. तुझ्या ध्यानात आलंय का?”

“आई, विचार करताना करते ती तसं.”

“इचार नाय गं. टीव्ही बघताना बी करती.”

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग.

त्यानंतर खुणा येतच राहिल्या, एकेक करून, आणि प्रत्येक खुणेला माझ्याकडे छानसं स्पष्टीकरण तयार होतं. पाणी ओतताना तिची धार पेल्याच्या बाहेर पडायची. मी म्हणायचे, हात अजून बसला नाही. फेकलेला चेंडू तिला कधी झेलता आला नाही. हिला खेळातली चुरस आवडत नाही, असं मी अभिमानानं सांगायचे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा पाय आधी चाचपायचा आणि मगच टेकायचा. किती सावध पोर आहे, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. लांबचं काही बघायचं असलं की ती डावा डोळा मिटून घ्यायची. नवरा हसून म्हणायचा, “हिला देवळाली कॅम्पला तोफखान्यात पाठवू. नेम कसा धरतेय बघ!” आम्ही दोघंही हसायचो. तीही हसायची, डावा डोळा मिटलेलाच ठेवून.

सात वर्षांची होताना ती आपली आपण वाचायला लागली. त्यानंतर तर मला कोण काय सांगणार?

ती नऊ वर्षांची झाली त्या वर्षीची एक दुपार. मी मीटिंगमध्ये होते. सासूबाई उशीचा अभ्रा शिवायला बसल्या आणि त्यांनी नातीला सुईत दोरा ओवून मागितला. आमच्याकडे हे काम घरातल्या लहान पोराचंच असतं. माझ्या लहानपणी आजीची सुई मीच ओवायचे. मुलगी दोरा पुढे नेत होती आणि तो दर वेळी सुईच्या शेजारून निघून जात होता. सासूबाईंनी अभ्रा बाजूला ठेवला. त्यांनी आपला तळवा तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. ती दोरा ओवत राहिली. मग तो तळवा त्यांनी उजव्या डोळ्यावर ठेवला.

“आजी, हात काढ ना. सगळं धुरकट झालं.”

हे मी माझ्या खोलीतून ऐकलं. हेडफोन काढून बाहेर आले, तर सासूबाई सुई हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. ‘तरी मी सांगत होते’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “चप्पल घाल. डाक्टरकडं जाऊ.”

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी तिचा डावा डोळा झाकला. तिनं पडद्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचली. मग उजवा झाकला. तीच अक्षरं तिनं पुन्हा वाचली, आधीपेक्षा जलद. मी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंकडे जरा तोऱ्यात बघितलंसुद्धा, खोटं कशाला बोलू? डॉक्टरबाईंनी हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावरची अक्षरं बदलली.

मुलीनं मान वाकडी केली.

“सगळ्यात वरचं मोठं अक्षर?”

“तिथे काहीतरी काळं आहे.”

डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता. तो डोळा नीट बघायला कधी शिकलाच नाही, सगळं काम उजवाच करत आला, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. “शाळेतल्या तपासणीत लक्षात आलं नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती शाळेत जात नाही. त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं, मग पुन्हा लिहायला लागल्या. आणखी लहान वयात आला असतात तर सोपं होतं, म्हणाल्या. आता चष्मा देऊ, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावू, पण किती सुधारेल ते सांगता येत नाही.

परतताना रिक्षा द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली. मी मुलीला विचारलं, “मला कधी सांगितलं का नाहीस?”

“मला वाटायचं, सगळ्यांचा एक डोळा असाच असतो.”

“आणि मघाशी? पाठ असलेलं का म्हणून दाखवलंस?”

तिला या प्रश्नाचं नवल वाटलं. “तू बघत होतीस ना.”

सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. घर येईपर्यंत मी बाहेरच बघत राहिले. कोणी तिची परीक्षा घेत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि ही पोर रोज माझा चेहरा बघून उत्तरं देत होती.

आता रोज चार वाजता तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लागते. पट्टी लावून तिनं वाचायचं, रंगवायचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. पण सुरुवातीला मी खिडकीपाशी उभी राहून बोटं वर करते आणि विचारते, “किती?” हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्यानं राहवत नाही.

काल मी चार बोटं धरली होती. ती “तीन” म्हणाली आणि मान वाकडी करून थांबली. मी बोटं तशीच धरून ठेवली.

मग ती हळूच म्हणाली, “दोन?”