हौदातले झिंगे कुणी मारले?

मंडळी, आज सकाळी घरामागच्या हौदात सगळे झिंगे मरून पडलेले दिसले. आमच्या मच्छीमार सोसायटीनंच वाढवायला दिलते.

माझा संशय सरळ शेजारच्या दिगूवर. सोसायटीच्या निवडणुकीत पडल्यापासून तो माझ्या हौदाकडं लई बघतो. बांधावर जाऊन विचारलं, "फवाऱ्याचं औषध टाकलंस ना बे?"

"आधी तुझ्या घरात विचार," तो म्हणला.

घरी येऊन विचारलं तर बायको म्हणली, "दुष्काळात पाणी वाया कावून घालवायचं? भांड्याचं पाणी मी रोजच हौदात वतते."

वतायची, खरं हाय. पण तवा भांडी राखंनं घासायची. काल पहिल्यांदाच लिंबाचं चित्र असलेल्या बाटलीतलं साबणाचं पाणी वापरलं.

ती बाटली परवाच्या सभेत सोसायटीनंच सगळ्यांना भेट दिलती.

दिगूची माफी मागतो. पण सांगा, आता संशय कुणावर घेऊ?