टोकदार अंड्यांची चिमा

पालीच्या बाजारात चिमाची अंडी टोपलीपेक्षा तिच्या जिभेवर जास्त खपायची. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी, असं ती छातीठोक सांगे. टोकदार अंडं बाईनं खाल्लं की मुलगाच होतो, ही पुरवणीही तिचीच.

फटका मात्र घरातच बसला हो! तिची लेक नंदा दोन मुलींची आई. सासू यमुनाबाईनं तिसऱ्या खेपेला नऊ महिने तिला टोकदार अंडी चारली. चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात झाली तिसरी मुलगी. "अंडी खरी, सूनच खोटी," म्हणत यमुनाबाईनं मुंबईहून रजेवर आलेल्या लेकासाठी, नंदाच्या नवऱ्यासाठी, महिपतसाठी दुसरी बायको बघायला घेतली.

चिमाच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेत विज्ञान शिकवणारे हरिश्चंद्र मास्तर अंडी घ्यायला आले, तर तिनं त्यांनाच धरलं. "मास्तर, खरं सांगा, दोष कोनाचा?"

मास्तर खुलले. "चिमे, तुझ्या कोंबडीचा डीएनए आणि तुझा, दोन्ही त्याच चार अक्षरांत लिहिलेत. गंमत पुढंच आहे. नर की मादी ठरवणारी वेगवेगळी दोन गुणसूत्रं पक्ष्यांत मादीकडे असतात. माणसांत ती पुरुषाकडे!"

"म्हंजे कोंबडा का कोंबडी ते कोंबडीवर, नि मुलगा का मुलगी ते बापावर?"

"हो. पण त्यात बापाचाही दोष..."

पुढचं ऐकायला चिमा थांबतेय कसली! कोंबडी काखोटीला मारून ती थेट यमुनाबाईच्या पडवीत. बैठक रंगात आलेली. समोर महिपतसाठी बघितलेल्या मुलीचा बाप विठू, बाजूला मी पानाला चुना लावतोय. मला बोलावणं नव्हतं. अशा ठिकाणी मला लागत नाही.

"काय गो, अंडी आणलीस?" यमुनाबाई फिसकारली.

"नाय, साक्षीदार आनलाय!" चिमानं कोंबडी मधोमध सोडली. "कोंबड्यांत हिच्यावर असतं. मान्सांत बाप्यावर! इचारा मास्तरांना. नि टोकदार अंड्याचं मीच खोटं बोलले, देवाशपथ!"

महिपत कानापर्यंत लाल. विठूनं टोपी डोक्यावर चढवली. "म्हंजे माजी पोर दिली तरी भरवसा नाय? मग हाये ती काय वायट?" आणि चहा न घेताच उठला.

नंदा घरात राहिली. यमुनाबाई अजून चिमाकडचीच टोकदार अंडी वेचून घेते. महिपत रजेवर आला की त्याला चारते.